स्ट्रेप ए: घसादुखी, गंभीर गुंतागुंत आणि मृत्यू – खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून ओपीडीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्यतो प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. घरात आत्ता कुणी आजारी असेल तर आधी प्रश्न ४ वाचा. त्यातलं एकही लक्षण दिसत असेल तर दवाखाना गाठा, बाकीचं नंतर वाचता येईल.

१. स्ट्रेप ए म्हणजे काय? हे नाव आत्ताआत्ताच का ऐकू येतंय?

जंतू जुनाच आहे. 'स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस' हे त्याचं पूर्ण नाव. तो माणसाच्या घशात आणि कातडीवर राहतो. खोकला, शिंक, जवळचा सहवास किंवा चिघळलेल्या जखमेतला पू यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. डास किंवा गुरंढोरं तो पसरवत नाहीत. आपल्याकडे डॉक्टर 'टॉन्सिल', 'सेल्युलायटिस', 'वॉल्व्हचा आजार' असं काहीतरी सांगतात आणि या सगळ्यांमागे हा एकच जंतू असू शकतो हे घरच्यांपर्यंत पोचतच नाही.

बातम्या सुरू झाल्या त्या डिसेंबर २०२२ मध्ये. फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांत लहान मुलांमध्ये गंभीर संसर्ग वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा जाहीर केलं. बाळंतपणाच्या वेळी ज्याचं नाव निघतं तो 'स्ट्रेप बी' वेगळा. त्याचा या पानाशी संबंध नाही.

२. "मन्हा पोऱ्याना गया दुखस, ताप भी शे." (माझ्या मुलाचा घसा दुखतोय, तापही आहे.) हा स्ट्रेपच असेल का?

बहुधा नसेल. मुलांच्या घसादुखीत चारातली एखादीच या जंतूमुळे होते, मोठ्यांमध्ये त्याहूनही कमी. बाकीची विषाणूंची असते आणि ती अँटिबायोटिकशिवाय बरी होते. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर विषाणूच धरून चाला. स्ट्रेपची घसादुखी एकदम सुरू होते. ताप चढतो, गिळताना त्रास होतो, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी लागतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात आणि खोकला मात्र नसतो. लहान मुलं पोटात दुखतंय म्हणतात, उलटीही करतात. अंगावर वाळूच्या कागदासारखं खरखरीत लालसर पुरळ आलं तर तो स्कार्लेट फीवर. तो याच जंतूमुळे येतो. वय ५ ते १५ असेल तर शंका जास्त घ्यायची. तीन वर्षांच्या आत स्ट्रेपची घसादुखी क्वचितच होते.

घशात राखाडी पापुद्रा दिसला आणि मान सुजली असेल तर तो घटसर्प असू शकतो. लसीचे डोस चुकलेल्या मुलाच्या बाबतीत हे विसरू नका.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळद-दूध, काहीही करा, त्याने बरं वाटतं. पण तोंडात बोट घालून टॉन्सिल दाबायचा प्रकार अजूनही काही गावांत चालतो, तो कुणालाही करू देऊ नका.

३. साध्या घशाच्या जंतूने माणूस मरतो कसा?

दोन वाटांनी. एक तासा-दिवसांची, दुसरी वर्षांची.

पहिल्या वाटेत जंतू घसा किंवा कातडी सोडून रक्तात, फुप्फुसाभोवती किंवा स्नायूंवरच्या पडद्यात शिरतो. तिथे तो जी विषं सोडतो त्यांनी शरीराची प्रतिकारयंत्रणा बेफाम होते, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं एकापाठोपाठ बंद पडू लागतात. याला टॉक्सिक शॉक म्हणतात. चांगल्या रुग्णालयातही त्यातले तिसरा हिस्सा रुग्ण दगावतात, कधी निम्म्याहून जास्त.

दुसऱ्या वाटेत जंतू केव्हाच निघून गेलेला असतो. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर तुटून पडतात. मूल शाळेत असताना हे घडतं आणि मृत्यू पंचविशी-तिशीत येतो.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार या जंतूमुळे वर्षाला ५ लाखांहून अधिक माणसं मरत होती. त्यातले सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू पहिल्या वाटेचे आणि उरलेले बहुतेक दुसरीचे. टीव्हीवर चर्चा पहिल्या वाटेची असते. सातपुड्याच्या पायथ्याला आणि वर धडगाव-अक्कलकुव्यात बळी जातात ते जास्त करून दुसऱ्या वाटेने, आणि ते गाजावाजा न होता जातात.

४. कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

यातलं कोणतंही एक दिसलं तरी:

- दुखणं डोळ्यांना दिसतं त्याहून फार जास्त आहे. पायावर साधी लाली, पण माणूस कण्हतोय, हात लावू देत नाही.
- लाली किंवा सूज तासागणिक पसरतेय. कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा, दोन तासांत रेघ ओलांडली तर निघा.
- कातडी जांभळी-काळी होतेय, फोड येतायत.
- ताप आहे आणि हातपाय गार, श्वास जोरात, बडबड किंवा गुंगी.
- मूल मलूल पडलंय, पीत नाही, सहा-आठ तास लघवी नाही.
- तोंड उघडता येत नाही, लाळ गळतेय, थुंकीही गिळवत नाही.
- ओली बाळंतीण आणि ताप (प्रश्न ७).

१०८ ला फोन करा. तोरणमाळच्या वर किंवा नर्मदाकाठच्या पाड्यावर असाल तर गाडीची वाट पाहण्यापेक्षा मिळेल त्या वाहनाने खाली उतरायला सुरुवात करा आणि वाटेत १०८ ला गाठा. दवाखान्यात 'ताप आहे' एवढंच सांगू नका. 'काल संध्याकाळी लाली घोट्याला होती, आज सकाळी गुडघ्यापर्यंत आली' असं वेळेसकट सांगा. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा निर्णय बदलतो.

५. 'मांस खाणारा जंतू जपानहून आला' हा व्हिडिओ खरा आहे का?

आजार खरा आहे, 'आला' हे खोटं. जपानमध्ये २०२४ साली २ जूनपर्यंतच टॉक्सिक शॉकचे ९७७ रुग्ण नोंदले गेले. आदल्या अख्ख्या वर्षाचा आकडा ९४१ होता. म्हणून बातमी झाली. पण हा जंतू प्रत्येक देशात आधीपासून आहे, आपल्या तालुक्यातही आहे. तो मांस खात नाही. स्नायूंवरच्या पडद्यात भराभर पसरून तिथला रक्तपुरवठा बंद पाडतो आणि रक्ताविना मांस मरतं.

कोरोनासारखी त्याची लाट येत नाही. हजारो लोकांना घसादुखी होते, तेव्हा एखाद्याच्या बाबतीत हा प्रकार घडतो. तोच व्हिडिओ दहा ग्रुपांवर पाठवण्यापेक्षा प्रश्न ४ मधली यादी पाठवा.

६. वडिलांना शुगर आहे. पऱ्हाटी काढताना पायाला खुंट लागला, आता पाय लाल झालाय. लेप लावून पाहू का?

लेप नको, आजच्या आज दाखवा. कातडीखाली पसरणाऱ्या या लालीला जुनी माणसं धावरे म्हणतात, डॉक्टर सेल्युलायटिस किंवा एरिसिपेलस म्हणतात. वेळेत औषध सुरू झालं तर बहुतेक जण बरे होतात. लेपाने दोन गोष्टी बिघडतात: रंग झाकला जातो, त्यामुळे लाली वाढली की नाही ते कळत नाही, आणि दिवस वाया जातो.

शुगरवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. वर प्रश्न ४ मध्ये 'दुखणं फार जास्त' हे पहिलं लक्षण दिलंय, पण ज्यांच्या पायाची जाणीव शुगरने कमी झालीय त्यांना दुखणारच नाही. त्यांच्या बाबतीत पसरणारी लाली, ताप आणि एकदम चढलेली शुगर यांवर नजर ठेवा.

पडद्यापर्यंत संसर्ग गेला असेल तर नुसत्या सलाइनने भागत नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो आणि बरेचदा एकापेक्षा जास्त वेळा. सर्जन 'आत्ताच ऑपरेशन' म्हणाले तर 'सकाळी भाऊ येईल, मग ठरवू' असं म्हणू नका. एका रात्रीत पाय जातो, जीवही जातो. सोबत पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात, कारण ते जंतूचं विष तयार होणं रोखतं.

पाय वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बंद बूट. केळीच्या बागेत पाणी भरताना, कापसात, अनवाणी जाऊ नका. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांवरही उपचार करा, जंतू तिथून शिरतो.

७. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी ताप आला. दूध उतरताना येतोच ना?

असं गृहीत धरू नका. बाळंतिणीच्या गर्भाशयात हा जंतू शिरला तर ती एका दिवसात अत्यवस्थ होऊ शकते. ताप, ओटीपोटात जोराचं दुखणं, नाडी जलद, अंगात त्राण नसणं ही चिन्हं बघा. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो असं आपण शिकलोय, पण स्ट्रेप ए मध्ये वास नसतोही. वास नाही म्हणून निर्धास्त राहून जीव गेलेल्या बाया आहेत.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हता. आता माहीत आहे, तरी पाड्यावर घरीच बाळंतपण होतं तेव्हा हात धुतले जातात का, हे विचारावंच लागतं. शिवाय जंतू सुईणीच्या हातातूनच येतो असं नाही. घरात मोठ्या मुलाचा घसा दुखत असेल तर त्याच्याकडूनही येतो. त्याला आईपासून दूर ठेवा, त्याच्यावर उपचार करा, आणि बाळंतिणीने पॅड बदलण्याच्या आधीही हात धुवावेत. नंतर धुण्याची सवय सगळ्यांना असते.

८. कांजण्या म्हणजे देवीचा प्रकोप, औषध देऊ नये असं सासूबाई म्हणतात.

कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, सासूबाईंचं मन मोडायचं कारण नाही. पण कांजण्यांचे फोड म्हणजे स्ट्रेप ए ला शिरायला उघडी दारंच. ताप उतरत आलेला असताना चौथ्या दिवशी पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवती लाली पसरली, मूल पाय टेकवेना, तर त्याच दिवशी दाखवा. तापाला पॅरासिटामॉल द्या. कांजण्यांत आयब्युप्रोफेन टाळतात, कारण ते घेतलेल्या मुलांमध्ये असा संसर्ग जास्त दिसला आहे, जरी दोष त्या औषधाचाच हे सिद्ध झालेलं नाही. मेडिकलवरच्या 'कॉम्बिनेशन' सिरपमध्ये ते असतं, बाटलीवर वाचा.

९. तीन दिवसांत घसा बरा झाला. उरलेल्या गोळ्या कशाला?

घसा गोळ्यांशिवायही तीन-चार दिवसांत बरा होतो. गोळ्या देतात त्या हृदयासाठी. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस घेतलं तर घशातला जंतू बहुतेक वेळा जातो. ज्यांच्याकडून दहा दिवस पाळले जाणार नाहीत त्यांना बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन देतात. मजुरीच्या घरात मला तेच पटतं.

आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदयाचा आजार टळतो. म्हणजे चौथ्या दिवशी डॉक्टरकडे पोचलात तर 'आता काय उपयोग' असं नाही. पेनिसिलिनला दाद न देणारा स्ट्रेप ए आजवर रुग्णांत आढळलेला नाही. अझिथ्रोमायसिनबद्दल तसं म्हणता येत नाही, त्यामुळे ते पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवायला हवं. आपल्याकडे मात्र ते सर्दीलाही मिळतं.

१०. घसा दुखून तीन आठवडे झाले. आता मुलाचा गुडघा सुजला, तो बरा झाला तर घोटा सुजला. मुरगळलं असेल का?

हा रूमॅटिक फीवर असू शकतो. घसादुखीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी तो येतो. स्ट्रेपच्या घसादुखीवर उपचार झाला नाही तर शंभरातल्या जास्तीत जास्त तिघांना होतो. सांध्यांचं दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात उड्या मारतं आणि काही दिवसांत पूर्ण जातं, म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही. हा आजार सांधे चाटतो पण हृदयाला चावतो, असं लासेग या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात म्हणून ठेवलंय. सांधा बरा झाला तरी हृदयाची टू-डी इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

११. मुलीचे हात आपोआप हलतात, भांडी हातातून पडतात, उगाच रडते. भगत 'बाहेरचं' म्हणतो.

हेही त्याच आजाराचं रूप आहे. डॉक्टर याला कोरिया म्हणतात. घसादुखीनंतर कित्येक महिन्यांनी दिसतं, मुलींमध्ये जास्त. अक्षर बिघडतं, जीभ बाहेर काढून धरता येत नाही, झोपेत मात्र हालचाली थांबतात. आपोआप बरं होतं, म्हणून श्रेय भगताला मिळतं आणि हृदय तपासायचं राहून जातं. भगताकडे जायचं तर जा, पण इको आधी करा. मुलीला 'नाटकं करते' म्हणून मारू नका.

१२. पाय दुखतात म्हणून रक्त तपासलं, एएसओ वाढलेला निघाला. आता पाच वर्षं इंजेक्शनं घ्यायची का?

फक्त एएसओवरून, नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते गरज नसताना सुरू झालेली पेनिसिलिनची इंजेक्शनं (रूमॅटिक फीवर झालेल्यांना तो पुन्हा होऊ नये म्हणून देतात ती) जिल्ह्याच्या गावांमध्ये खूप आहेत. एएसओ वाढला याचा अर्थ शरीराची या जंतूशी मागच्या काही महिन्यांत गाठ पडली, एवढाच. शाळकरी मुलांमध्ये हे सर्रास आढळतं. दिवसभर हुंदडून रात्री पोटऱ्या दुखणं म्हणजे रूमॅटिक फीवर नव्हे.

निदान जोन्स निकषांवर होतं: हृदयाची सूज, सुजणारे सांधे, कोरिया, कातडीवरची विशिष्ट वलयं आणि गाठी यांतलं काही हवं, सोबत ताप, वाढलेला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) यासारख्या गोष्टी. एएसओ हा फक्त आधीच्या संसर्गाचा पुरावा. मात्र कुणी आधीच इंजेक्शन सुरू केलं असेल तर हे वाचून परस्पर बंद करू नका. कागद घेऊन बालरोग किंवा हृदयरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

१३. झडपेवर परिणाम झालाय. दर २१ दिवसांनी इंजेक्शन किती वर्षं? आणि आम्ही तर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो.

हृदयाला काही झालं नसेल तर निदान पाच वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, जे उशिरा येईल तोवर. झडपेत कायमचा दोष असेल तर दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, कधी आयुष्यभर. नेमकं तुमचे डॉक्टर इको बघून ठरवतील. प्रत्येक नव्या घसादुखीने झडपेला नवा मार बसतो, तो टाळण्यासाठी हे सगळं.

दिवाळीला गेलेलं कुटुंब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परततं, म्हणजे मधली आठ-नऊ इंजेक्शनं परमुलखात येतात. जाण्याआधी औषधाचं नाव, डोस आणि तारखा एका कागदावर लिहून, सही-शिक्का घेऊन न्या. फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बारडोलीकडच्या सरकारी दवाखान्यातही हे इंजेक्शन मागता येतं. कागद मराठीत असला तरी औषधाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या.

१४. त्या इंजेक्शनने मुलं मरतात असं ऐकलं. खरं का?

पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असते, पण फार विरळ. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावं आणि अर्धा तास तिथेच बसावं. यात एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. झडप खूपच खराब असलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतर झालेले काही मृत्यू ॲलर्जीचे नव्हते. दुखण्या-भीतीने रक्तदाब पडला आणि अशक्त हृदयाला ते झेपलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये यावर सूचना काढली: अशा रुग्णांना इंजेक्शनऐवजी रोजच्या गोळ्यांचा विचार करावा. धाप लागणाऱ्या, पाय सुजणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. बाकीच्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, पाणी पिऊन जावं आणि आडवं पडून इंजेक्शन घ्यावं.

१५. झडपेचा आजार असलेल्या मुलीचं लग्न करावं का? दिवस राहिले तर?

लग्न कराच की. लपवून मात्र करू नका. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि आकसलेल्या झडपेतून ते पुढे जात नाही. कित्येकींचा आजार पहिल्यांदा कळतो तोच सहाव्या-सातव्या महिन्यात, धाप लागल्यावर, आणि 'गरोदर बाईला धाप लागतेच' म्हणून तेव्हाही दुर्लक्ष होतं. दिवस राहण्याआधी इको करावा. गरज असेल तर फुग्याने झडप रुंद करता येते, तेही आधीच केलेलं बरं. पेनिसिलिनची इंजेक्शनं गरोदरपणात चालू ठेवायची असतात. कृत्रिम झडप असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना भेटा, ती गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते.

१६. आश्रमशाळेत मुलांच्या अंगावर खपल्यांचे फोड आहेत, एकाचं तोंड सुजलंय. घशाशी याचा काय संबंध?

जंतू तोच, वाट कातडीची. खरूज खाजवून झालेल्या जखमांत तो शिरतो आणि मधाळ रंगाच्या खपल्या धरतात. साधारण तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येते: सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवी कमी आणि काळ्या चहासारखी. अशा मुलाचा रक्तदाब त्याच दिवशी मोजा, तो फार वाढला तर झटके येतात. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. खरजेचं औषध मात्र एकाच दिवशी सगळ्या वसतिगृहाला द्यायला हवं, नाहीतर चक्र थांबत नाही.

१७. शाळेत कधी पाठवायचं? घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या का?

अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप उतरला की पाठवा. घरातल्या बाकीच्यांना लक्षणं नसतील तर औषध नको. काहींच्या घशात जंतू नुसताच बसलेला असतो आणि त्रास देत नाही. अपवाद दोन: घरात रूमॅटिक फीवरचा रुग्ण असेल तर बाकीच्यांची घसादुखी लगेच तपासा, आणि कुणाला प्रश्न ३ मधल्या पहिल्या वाटेचा गंभीर संसर्ग झाला असेल तर बाळंतीण, तान्हं बाळ आणि म्हातारी माणसं यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

१८. लस आहे का?

नाही. प्रयत्न बरीच दशकं चालू आहेत. फ्लू आणि कांजण्यांची लस घेतली तर त्यांच्या पाठोपाठ येणारा स्ट्रेप काही प्रमाणात टळतो.

१९. इको, झडपेचं ऑपरेशन, एवढा पैसा कुठून आणायचा?

अंगणवाडी आणि शाळांत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीत हा हृदयरोग आहे. त्यांना धाप, सांधेसूज, सगळं सांगा. मुलगा त्या दिवशी गैरहजर राहिला की वर्ष जातं. झडपेवरच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा, ऐनवेळी अडतं ते तिथेच. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात तिथून करा.

२०. लग्नसराईत इंजेक्शन चुकलं, चाळीस दिवस होऊन गेले. आता सगळं पहिल्यापासून?

नाही. आधीची वर्षं वाया जात नाहीत. आज किंवा उद्या घ्या आणि पुढची तारीख त्या दिवसापासून २१ दिवसांनी धरा. मधल्या काळात घसा दुखला होता का, ताप, सांधेदुखी किंवा नवी धाप होती का, हे इंजेक्शन देणाऱ्याला आधी सांगा. असेल तर इको पुन्हा करावा लागेल. चुकल्याबद्दल दवाखान्यात बोलणी खावी लागतील या भीतीने काही जण मग कायमचेच थांबतात. ऐकून घ्या, आणि इंजेक्शन घेऊनच बाहेर पडा.